एजंटशिवाय इको पासिंगला नेतेय, आधी काय काय करून घेऊ?

कृष्णाकाठची, वाई

नमस्कार मंडळी. बाबांची मारुती इको आहे, २०१६ ची, पेट्रोल आणि कंपनीची सीएनजी, पिवळी पाटी. मीटरवर २ लाख १२ हजार झालेत. दिवाळीनंतर बाबांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशन्स झाली, तेव्हापासून गाडी मीच चालवते. शनिवार-रविवार पाचगणी, मेणवली, धोम अशी पर्यटकांची भाडी असतात. मधल्या दिवसांत पेशंट घेऊन साताऱ्याला जाणं-येणं, एखाद-दुसरं लग्न.

गाडीला आठ वर्षं उलटल्यापासून पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, दर वर्षी करावं लागतं. पुढच्या महिन्याच्या १८ तारखेला मुदत संपते. आजवर बाबा एजंटकडे किल्ली द्यायचे आणि संध्याकाळी गाडी पास होऊन दारात यायची. गाडीचं काय बघितलं, काय केलं, हे आम्हाला कधी कळलंच नाही. आता गाडी मी चालवते आणि मागे लोकांची पोरं बसलेली असतात, म्हणून या वेळी स्वतः न्यायचं ठरवलंय.

गाडीची अवस्था खरी तीच सांगते. हँडब्रेक नऊ टकटक वर आल्यावर धरतो. जोरात ब्रेक मारला की गाडी किंचित डावीकडे ओढते. पुढच्या टायरची नक्षी झिजत आलीये. डावा हेडलाइट मंद आहे, उजव्यात भावाने बाजारातला पांढरा एलईडी बसवलाय. मधल्या सीटचा एक बेल्ट झटका दिला तरी अडकत नाही. इन्शुरन्स चालू आहे, पीयूसी आहे, नवी एचएसआरपी पाटी बसवून झाली.

हातात साधारण १५ हजार रुपये आहेत. शेजारचे एक जण म्हणतात, बाहेरून एक हात रंग मार, खाली काळं मार, टायरला पॉलिश लाव, गाडी पास होते. मला ते पटत नाहीये. पैसे आधी कुठे घालू?

स्टँडवाला, कराड

ताई, आधी कागद बघा. लाइनीत उभ्या असलेल्या निम्म्या गाड्या मला कागदापायीच परत जाताना दिसतात.

फिटनेस रिन्यूअलचा अर्ज परिवहनच्या साइटवर भरायचा, फी तिथेच, तारीखही तिथेच मिळते. ओटीपी बाबांच्या नावाला जोडलेल्या मोबाइलवर येणार. तो नंबर जुना किंवा बंद असेल तर आजच बदलून घ्या. माझे त्यातच पाच दिवस गेले होते. गाडीवर ई-चलन थकलं असेल तर ते आधी भरून मोकळे व्हा. आठ वर्षांवरच्या पिवळ्या पाटीला पर्यावरण कर लागतो, त्याची पावती काढून ठेवा. परमिट, टॅक्स, इन्शुरन्स, पीयूसी, स्पीड गव्हर्नरचं सर्टिफिकेट, रिफ्लेक्टर टेपचं सर्टिफिकेट, जुनं फिटनेस, सगळं एका फाइलीत ठेवा आणि झेरॉक्स वेगळ्या. मालक बाबा आहेत, तेव्हा अर्जावर सही त्यांची घ्या.

आणि चासी नंबर कुठे कोरलाय ते घरीच शोधून ठेवा. पेन्सिलने कागदावर छाप घ्यावी लागते. माझ्या गाडीचा नंबर चिखलाखाली आणि काळ्या रंगाखाली गेला होता. भर उन्हात गाडीखाली पडून पॉलिश पेपरने घासत बसलो आणि मागचे लोक हॉर्न मारत होते. रॉकेलचं फडकं आणि बारीक वायर ब्रश घरीच फिरवा.

मुदत उलटू देऊ नका. केंद्राच्या नियमात उशिराला दिवसाला ५० रुपये जादा आहेत. त्यावरून २०२४ साली आपल्याकडे रिक्षा-टॅक्सीवाले रस्त्यावर उतरले होते. पण पैशांचं सोडा, फिटनेस नसताना अपघात झाला तर विमा कंपनी तिथेच बोट ठेवते. घर बुडतं त्यात.

घाटमाथा, महाबळेश्वर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मी एकतीस वर्षं याच भागात टॅक्सी चालवली. त्यातली बारा वर्षं जोडीला स्वतःचं छोटं गॅरेजही होतं. आता गाडी मुलगा चालवतो. जे लिहितोय ते शांतपणे वाचा, थोडं लांबेल.

पंधरा हजारांतला पहिला रुपया ब्रेकवर घाला. रंगाला हातच लावू नका.

असं का सांगतोय तेही ऐका. २०११ सालच्या मे महिन्यात माझ्याकडे सात सीटची डिझेल गाडी होती. पासिंग होऊन तीन आठवडे झाले होते. टेप नवी, रंग नवा, फिटनेसचा ताजा कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात. महाबळेश्वरहून एक कुटुंब घेऊन आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरत होतो. आजी, नवरा-बायको, दोन मुलं आणि टपावर सामान. निम्मा घाट उतरल्यावर पेडल मऊ लागायला लागलं. पुढच्या वळणावर ते पार खाली गेलं. दोनदा पंप केलं तेव्हा थोडं धरलं आणि परत गेलं. मी तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर आणली, मग पहिल्यावर. इंजिन किंचाळत होतं. हँडब्रेक थोडा थोडा ओढत डोंगराच्या बाजूची गटार गाठली आणि डावी चाकं त्यात घातली. गाडी थांबली. कुणाला काही झालं नाही. आजींनी खाली उतरून माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मला तोंड वर करून त्यांच्याकडे बघवेना. चूक माझी होती. ब्रेक ऑइल चार वर्षं बदललं नव्हतं. कमी झालं की वरून ओतायचो, बस्स.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला सांगायला नको. नवं डॉट-३ दर्जाचं ब्रेक ऑइल २०५ अंशांच्या पुढे उकळतं, पण पाणी शोषलेलं १४० अंशांच्या आसपासच उकळू शकतं. घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की डिस्क तापते, ती आच ऑइलपर्यंत जाते, आत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. म्हणून पेडल मोकळंच खाली जातं. गाडी थंड झाली की ब्रेक पुन्हा जसेच्या तसे! पासिंगला ब्रेक बघतात ते असेच थंड असतात. नियम असा की ताशी ३० च्या वेगाला गाडी १३ मीटरच्या आत थांबली पाहिजे. माझी त्या दिवशीही थांबली असती. म्हणून तुम्हाला पास व्हायचंय ते पसरणी घाटासाठी, आरटीओचा कागद मग आपोआप येतो.

आता तुमच्या गाडीचं.

डावीकडे ओढते याचा अर्थ डावा ब्रेक जोरात लागतो असा पटकन काढू नका. बऱ्याचदा उजवा आळशी झालेला असतो. पुढची दोन्ही चाकं उतरवा आणि कॅलिपरच्या (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना हाताने मागे-पुढे सरकवून बघा. एक सहज सरकेल, एक जाम असेल. रबरी बूट फाटून आत पाणी जातं आणि पीन गंजते. साफ करून, त्यासाठीचंच ग्रीस लावून, बूट नवे घालून बसवायच्या. साधं चेसिसचं ग्रीस लावू देऊ नका, रबर फुगतं. पॅड बदलायचे तर दोन्ही चाकांचे एकदम. त्याआधी पुढच्या दोन्ही टायरची हवा सारखी आहे ना ते बघा. हवेच्या फरकानेही गाडी ओढते, आणि फुकटात बरं होणारं दुखणं आधी तपासावं.

मग मागचे ड्रम. इकोला ताकद मागच्या चाकांना जाते. ॲक्सलचं ऑइल सील गेलं की गिअर ऑइल झिरपून लायनरवर, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेकच्या पट्टीवर, येतं. ड्रम उघडल्यावर लायनर कोरडा, राखाडी, बारीक भुकटी असलेला दिसला पाहिजे. काळा, ओलसर, बोटाला चिकटणारा दिसला तर आधी सील, मग लायनर. ऑइल पिलेला लायनर पॉलिश पेपरने घासून परत बसवणारे आहेत. तसं करू देऊ नका, तो दोन दिवसांत पुन्हा ओला होतो. व्हील सिलिंडरचं (ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर दाबणाऱ्या भागाचं) रबर बोटाने किंचित उचलून बघा, आत ओल दिसली तर तेही बदला. हे सगळं झाल्यावरच हँडब्रेकची केबल आवळायची. नऊ टकटक आहे म्हणून आधीच केबल ओढून पाच करणारा मेकॅनिक लायनर झिजल्याचं झाकतो. लायनर नवा, सेटिंग नीट, मग केबल. हा क्रम मोडू नका.

शेवटी सगळं ऑइल काढून नवं. हे काम तुमच्यासमोर करून घ्या, किंबहुना पेडलवर तुम्हीच बसा. माझ्या गॅरेजात बायको बसायची. मी खाली झोपून "दाब" म्हणायचो, ती दाबून धरायची, मी चाकाजवळचं निप्पल (ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) सैल करायचो, पाइपमधून ऑइल बाटलीत यायचं, निप्पल बंद करून मी "सोड" म्हणायचो. निप्पल बंद व्हायच्या आत पाय उचलला की हवा परत आत, म्हणून माझा आवाज येईपर्यंत हलायचं नाही. आधी बाटलीत उकळलेल्या कोऱ्या चहासारखा रंग येतो, मधे बुडबुडे. मग हळूहळू रंग उतरतो आणि धार मधासारखी स्वच्छ होते. चारही चाकांची धार स्वच्छ झाली की थांबायचं. वरचा डबा मधेच रिकामा होऊ द्यायचा नाही. साधारण अर्धा लिटर ते एक लिटर लागतं. कोणतं ऑइल ते डब्याच्या झाकणावर लिहिलेलं असतं. आणि ऑइल सीलबंद डब्यातलंच घ्या, अर्धवट उघड्या डब्यातलं नको.

झालं की मोकळ्या मैदानात जा. दगड ठेवून खूण करा, ३० च्या वेगाने या, खुणेशी ब्रेक मारा, थांबल्यावर पावलं मोजा. १३ मीटर म्हणजे आपली सतरा-अठरा साधी पावलं. गाडी सरळ थांबते का ते सोबतच्या माणसाला मागून बघायला सांगा.

टायरचं बोलतो. खाचेच्या तळाशी एक छोटी आडवी पट्टी असते, बाजूला टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं. नक्षी झिजून त्या पट्टीला टेकली म्हणजे १.६ मिलिमीटर उरलं, आणि तिथे कायदा संपतो. मी तर तीन उरले की पावसाआधी बदलायचो. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात. १४२१ असतील तर २०२१ सालचा चौदावा आठवडा. नक्षी असली तरी भिंतीला बारीक चिरा पडल्या असतील तर तो टायर घाटाला नको. तुमची नक्षी एकाच कडेने जास्त झिजली असेल तर आधी टाय रॉडचे एंड आणि बॉल जॉइंट, म्हणजे पुढच्या चाकाचे सांधे, बघा. चाक जॅकवर उचलून उजव्या-डाव्या कडेला धरून हलवा, मग वर-खाली धरून हलवा. टक्क असा आवाज आला तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. प्ले काढल्याशिवाय अलाइनमेंट करू नका, पैसे पाण्यात. स्टेपनीही बघा, ती तपासतात आणि लागते तीच.

सीट बेल्टचं दुर्लक्ष करू नका. न अडकणारा बेल्ट म्हणजे नुसती पट्टी. आधी पूर्ण बाहेर ओढून धूळ पुसून बघा, तरी अडकत नसेल तर पूर्ण असेंब्ली बदला. रिळात तेल सोडून चालवू नका.

भावाला माझा निरोप द्या, एलईडी काढ. आमच्या घाटात समोरून असा पांढरा झोत आला की मला दोन सेकंद रस्ताच दिसत नाही, आणि त्या दोन सेकंदांत दरी असते. जुनाच ६०/५५ वॅटचा बल्ब दोन्हीकडे लावा.

काही अडलं तर इथेच विचारा. रात्री नऊनंतर मी बघतो.

कृष्णाकाठची, वाई

काका, तुमचं वाचून आईने मला जवळ बसवून परत मोठ्याने वाचायला लावलं. खूप आभार. उद्याच ड्रम उघडायला सांगते, समोर उभी राहीन.

दोन गोष्टी विचारते. डावा हेडलाइट मंद आहे, बल्ब बदलला तरी तसाच. काच पिवळट दिसते. आणि सीएनजीचं काही वेगळं लागतं का? बाबांना आठवत नाहीये टाकी शेवटची कधी तपासली ते.

गॅसकिट, चाकण

ताई, सीएनजी टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी लागते. टाकीच्या गळ्याशी नाहीतर गॅस भरतो तिथे एक छोटी धातूची पट्टी असते, तिच्यावर तारीख असते. उलटली असेल तर पंपावरही भरून देत नाहीत आणि पासिंगलाही अडतं. मान्यताप्राप्त केंद्रातच करा. टाकी काढून तिच्यात पाणी भरून दाब देतात, मग सर्टिफिकेट आणि नवी पट्टी मिळते. काही ठिकाणी गाडी दोन दिवस ठेवावी लागते, तेव्हा अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवसावर टाकू नका. टाकी कधी काढलेलीच नसेल तर तिच्या पट्ट्याखाली बघायला सांगा, तिथे पाणी साचून गंज धरतो.

टाकी परत बसवल्यावर प्रत्येक जोडावर साबणाच्या पाण्याचा फेस ब्रशने लावून बघा. बुडबुडा फुगला तर गळती. भरायच्या तोंडातली छोटी रबरी रिंग दहा-वीस रुपयांची असते, तीच सगळ्यात जास्त गळते. आणि सीटखालून नळी जाते तिथे क्लिप सुटून ती कुठे घासत नाही ना, तेही बघा.

पीयूसीचा कागद नुसता मुदतीत आहे म्हणून फाइलीत टाकू नका, आकडे वाचा. आरसीवर बीएस-४ (धुराच्या नियमांचा टप्पा) असेल तर पेट्रोलला सीओची, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडची, मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम. काठावर असाल तर एअर फिल्टर आणि प्लग बघायची वेळ झाली. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचे प्लग लवकर जातात. तपासायला नेताना गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून गरम करून न्या. थंड इंजिनावर आकडे खराब येतात.

पेठरोड, नाशिक

आमच्याकडे नाशिकला पासिंग मशीनवर होतं, म्हणून एक सांगतो. चाकं रोलरवर चढवतात आणि डाव्या-उजव्या चाकाचा ब्रेकचा जोर वेगवेगळा मोजतात. डोळ्याला आणि हाताला "ठीक आहे" वाटणारी गाडी तिथे नापास होते, कारण फरक सरळ पडद्यावर दिसतो. माझ्या व्हॅनचं तेच झालं. घाटमाथा काका म्हणतात तशी पीनच जाम निघाली, उजवी. तुमच्याकडे मशीन असो नसो, ओढणारी गाडी तशीच नेऊ नका.

दिवेघाट, पुणे

आम्ही पुण्याची मंडळी पासिंगला दिवे गावाला जात आलोय. उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे २५० मीटरचा ब्रेक टेस्टचा ट्रॅक लागतो, तो शहरात कुठे मिळणार. तिथल्या अनुभवावरून थोडं सांगतो. लवकर जा, पाणी आणि टोपी न्या, गाडीतलं सगळं सामान घरी काढून ठेवा. फायर एक्स्टिंग्विशरचा काटा हिरव्यात आहे ना ते बघा. फर्स्ट एडच्या पेटीतली औषधं मुदतीतली हवीत. माझ्या पेटीतलं मलम सहा वर्षांपूर्वीचं निघालं आणि मला खरंच वाईट वाटलं, कारण मधल्या काळात त्याच पेटीतून मी एका पोराच्या गुडघ्याला पट्टी बांधली होती. काचांना काळी फिल्म असेल तर काढा, पुढचा लोखंडी गार्ड असेल तर तोही. हॉर्न साधा ठेवा. रिफ्लेक्टर टेप पुढे पांढरी, मागे लाल. ती चिकटवण्याआधी पत्रा साबणाने धुऊन पूर्ण वाळवा, नाहीतर महिन्यात कडा सुटतात.

घाटमाथा, महाबळेश्वर

हेडलाइटचं सांगायचं राहिलं होतं.

काच पिवळट म्हणजे ती प्लास्टिकची काच उन्हाने जळली. बारीक पॉलिश पेपर पाणी लावून फिरवतात आणि वर पॉलिश करतात, काही महिने चालतं. पण आधी आतला चकचकीत वाडगा बघा. त्याची चमक उडून तो राखाडी झाला असेल तर बाहेरून कितीही घासा, उजेड येणार नाही, पूर्ण हेडलाइट बदला. तिसरं कारण वायरिंगचं. बल्बच्या सॉकेटमध्ये काळं पडलंय का आणि अर्थिंगच्या स्क्रूला गंज आहे का, ते बघायला सांगा. मंद दिव्यांतले बरेच अर्थिंगचे निघतात, आणि तो दहा मिनिटांचा खेळ आहे.

लागलेला झोत कुठे पडतो ते रात्री घरीच तपासा. सपाट जागेवर गाडी भिंतीपासून सात-आठ मीटरवर उभी करा, टायरची हवा बरोबर, आत ड्रायव्हर बसलेला. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासून उंची मोजून भिंतीवर खडूने आडवी रेघ ओढा. डिपरचा झोत त्या रेघेच्या खाली पडला पाहिजे, दोन्हीचा सारखा. वर गेला तर समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मागच्या स्क्रूने खालीवर करता येतो.

ड्रम उघडलात का? काय निघालं ते लिहा.

कृष्णाकाठची, वाई

उघडले काका. मागचं डावं चाक ऑइलने भिजलेलं होतं. मी बोट लावून बघितलं, तुम्ही लिहिलंय तसंच काळं आणि चिकट. उजवं कोरडं. पुढे उजव्या कॅलिपरची खालची पीन इतकी जाम की हातोडीने ठोकून काढली. मेकॅनिक म्हणाला, लायनर घासून बसवू का. मी नाही म्हटलं. तो थोडा रागावला, पण सील आणले त्याने.

ब्रेक ऑइलच्या वेळी पेडलवर मी बसले. पहिली बाटली बघून मला धस्स झालं. तळाशी काळा गाळ होता. याच ऑइलवर गेल्या महिन्यात एका शाळेच्या सात मुली घेऊन पाचगणीहून उतरले होते.

कृष्णाकाठची, वाई

आज पासिंग झालं. सगळं लिहिते, कुणाला उपयोगी पडेल.

खर्च: पॅड, लायनर, दोन सील, ऑइल आणि मजुरी मिळून ५,२००. पुढचे दोन टायर ६,६००. टाय रॉडचा एक एंड आणि अलाइनमेंट १,३००. टाकीची हायड्रो टेस्ट २,८००, कारण पट्टीवरची तारीख चार महिन्यांपूर्वीच उलटली होती. सीट बेल्ट १,४००. हेडलाइट मंद होता तो अर्थिंगच निघाला काका, स्क्रू घासला आणि लख्ख. फी आणि टेप धरून पंधरा हजारांच्या वर गेले, वरचे आईने दिले.

सकाळी सातला निघाले, बाबा शेजारी. साहेबांनी चासी नंबर बघितला, आधीच घासून ठेवला होता म्हणून दोन मिनिटांत छाप झाली. सगळे दिवे, वायपर, बेल्ट एकेक ओढून बघितले. ब्रेकला गाडी सरळ थांबली. अडलं कुठे, तर मागच्या नंबर प्लेटवरचा छोटा दिवा लागत नव्हता, आणि वायपरचं पाणी उडत नव्हतं. दोन्ही लिहून दिलं. मी घरी सगळे दिवे तपासले होते, पण भर दुपारी, त्यामुळे हा दिवा लक्षातच आला नाही. ज्यांना न्यायचीय त्यांनी अंधारात एक फेरी मारून बघा. बाहेरच्या दुकानातून बल्ब आणला, पाण्याच्या नळीच्या तोंडातली घाण टाचणीने काढली, तासाभराने परत दाखवली. झालं.

येताना वाईत न थांबता मुद्दाम पसरणी घाट चढून पाचगणीला गेलो आणि चहा पिऊन लगेच उतरलो, दुसऱ्या गिअरवर. पेडल वरपासून खालपर्यंत एकसारखं घट्ट. बाबांना अजून लांबचं नीट दिसत नाही, ते डोळे मिटून बसले होते. घरी आल्यावर त्यांनी स्वतः हँडब्रेक ओढला आणि मोजला. पाच.

घाटमाथा, महाबळेश्वर

शाब्बास पोरी. आजची तारीख कागदावर लिहून ब्रेक ऑइलच्या डब्याला चिकटव, वर प्लास्टिकची पट्टी लाव म्हणजे पावसात पुसणार नाही. आणि ते डावं ड्रम महिन्याभराने एकदा उघडून बघ, सील नवं असलं तरी.